पेटीची सीट

यंदा जूनच्या पहिल्या शनिवारी, सकाळी, माझ्या मुलीच्या शाळेतल्या संगीताच्या खोलीत एका पेटीची किंमत अडीच हजार रुपये ठरली. हजर होते मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव, अक्कलकोटकडचा एक पेटी दुरुस्त करणारा कारागीर आणि मी. मुलगी शाळेत होती तोवर पालक संघाचे हिशेब मी पाहत असे. ती शाळा सोडून गेली तरी मोडीत काही काढायचं झालं की सहीला मलाच बोलावतात. खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती.

कारागिरानं पेटी मांडीजवळ ओढली, भाता हलवला आणि एकेक पट्टी दाबून पाहिली. मधल्या एका पट्टीवर तो थांबला. तीच परत दाबली.

"लाकूड चांगलं हाय की साहेब," तो म्हणाला. "आतले सूर बी जुने, पितळी, चांगले. ह्यो मधला गंधार तेवढा गेलाय. घासताना कुणी तरी जास्त घासलंय बगा."

सचिव म्हणाले, मग अडीच हजार ठीक आहेत. मी म्हणालो, ठीक असतील, पण ही पेटी शाळेच्या डेडस्टॉकच्या वहीत नाही. ती सरांची आहे, विकता येणार नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी तेच म्हणणार होते." त्या तेच म्हणणार होत्या की नाही, मला माहीत नाही. पण त्या पट्टीवर कारागीर थांबला तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं, हे मी पाहिलं.

सर म्हणजे आमच्या शाळेचे संगीताचे सर. नाव लिहीत नाही. शाळेतही कुणी त्यांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. गणिताचे ते गणिताचे सर, पीटीचे ते पीटीचे सर, आणि हे नुसते 'सर'.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते रिक्षात. मी गौरीला, म्हणजे माझ्या मुलीला, शाळेत सोडायला गेलो होतो. ती तेव्हा पाचवीत होती. फाटकाशी सीटची, म्हणजे माणशी पैसे घेणारी, रिक्षा थांबली. मागं तीन माणसं बसतात तिथं दोन माणसं आणि मधोमध एक पेटी, खाकी कापडाच्या गवसणीत. बारीक चणीचे, पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उतरले, पेटी उतरवली आणि रिक्षावाल्याला दोन सीटचे पैसे दिले. रिक्षावाल्यानं निमूट घेतले. मी हिशेबाचा माणूस. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, सामानाचे पैसे घेत नाहीत ओ सीटवाले."

"सामानाचे नाहीत घेत," ते म्हणाले. "ही सामान नाही."

नंतर कळलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्यानं पेटी मागच्या फळीवर टाकली. रस्त्यातल्या खड्ड्यात ती आपटली आणि आतला एक सूर मुका झाला. त्या दिवसापासून पेटीची सीट वेगळी. गर्दीच्या वेळी लोक कुरकुर करत, तेव्हा सर शांतपणे सांगत की तिचे पैसे भरलेले आहेत. एकदा एक दिवस भरलेली बाई रिक्षाला हात करून उभी राहिली आणि जागा नव्हती. सर खाली उतरले, बाईंना आपली जागा दिली आणि पेटीकडे बोट करून रिक्षावाल्याला सांगितलं, हिला शाळेच्या फाटकाशी उतरव, शिपाई घेईल. स्वतः चालत आले. त्या दिवशी पेटी प्रार्थनेला वेळेवर होती आणि सर नव्हते. पोरं म्हणत होती, "मॅडम आल्यात, सर मागनं येतायत."

सर शहराच्या पूर्व भागात राहत. घरची बोली तेलुगू. खाली भावाचे चार माग, वर दोन खोल्या, त्यांतली एक सरांची. लग्न केलं नव्हतं. जन्म त्या खडखडाटावरच गेला होता. "माग चालू असले की मला छान झोप लागते," ते सांगायचे. "लाइट गेली की जाग येते." आम्ही हसायचो. हसण्यासारखंच सांगायचे ते.

मराठी स्वच्छ बोलत, पण ताल चुकला की मात्रा तेलुगूत मोजायला लागत. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. पोरांना कळायचं की आता सर खरे चिडले. छडी, ओरडणं असलं काही नव्हतं. हे आकडे हीच शिक्षा. गौरी लहानपणी घरात जिना चढताना तेच आकडे म्हणायची.

खाण्यात त्यांचा एकच शत्रू होता आणि तोच जिवलगही होता. शेंगाचटणी. ती खाल्ली की गळा दोन तास रजेवर जातो, असं त्यांचं म्हणणं. पण सोडवत नसे. मग ज्या दिवशी डब्यात कडक भाकरी आणि चटणी असे, त्या दिवशी दुपारच्या वर्गाला फक्त ताल. पोरं मधल्या सुट्टीत सरांच्या टेबलाजवळून उगाच चक्कर मारून यायची आणि वर्गात बातमी द्यायची, आज गाणं नाही, आज टाळ्या.

पण सरांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कुठल्याही शाळेत समूहगीत बसवताना बेसूर पोराला मागं उभं करतात, नाही तर सांगतात, तू नुसते ओठ हलव. आमचे सर बेसूर पोराला बरोबर मधोमध उभं करत. पुढं, मागं, दोन्ही बाजूंना पक्क्या सुराची पोरं. म्हणत, "चारी बाजूंनी सूर लागला, की जाईल कुठं?"

गौरी पाचवीत पहिल्यांदा गाण्यात उभी राहिली ती मधोमध. बायकोला फार आनंद झाला. तिनं माहेरी फोन करून सांगितलं की पोरीला मधली जागा मिळाली. पुढच्या पालक सभेत मी सरांना भेटलो. ते म्हणाले, "तुमची मुलगी बेसूर आहे. काळजी करू नका, मध्ये घेतलीय." मी घरी येऊन हे सांगितलं नाही. तीन वर्षांनी, आठवीत, गौरीला एकदम कडेला काढलं, तेव्हा घरात रडारड झाली. मग सांगितलं. कडेला जाणं म्हणजे पास होणं.

शाळेत चार हाऊस आहेत, जिल्ह्यातल्या नद्यांच्या नावांची. भीमा, सीना, माण आणि नीरा. दर जानेवारीत हाऊसची गाण्याची स्पर्धा. खेळाच्या ढाली पुष्कळ आहेत, पण गाण्याच्या ढालीसाठी पोरं जशी भांडत तशी कशासाठीच नाही. स्पर्धेचे नियम सरांनी घालून दिलेले. परीक्षक स्टेजकडे पाठ करून बसणार. कोणतं हाऊस गातंय ते चिठ्ठीनं ठरणार आणि परीक्षकांना सांगायचं नाही. चारही हाऊसना पेटी सरच वाजवणार, म्हणजे कुणाला साथ बरी आणि कुणाला वाईट असं होणार नाही. "चौघी बहिणी, आई एक," असं ते म्हणत. गुणांची बेरीज बाहेरच्या माणसानं करायची. तो बाहेरचा माणूस मी. सहा वर्षं केली.

मी प्रत्येक बेरीज दोनदा करायचो, वरून खाली आणि खालून वर. सर शेजारी येऊन उभे राहत. एकदा म्हणाले, "बेरजेनं सूर कळत असता, तर पतसंस्थांत मैफिली झाल्या असत्या." मी एका पतसंस्थेत हिशेब तपासतो, हे त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "आणि सुरानं बेरीज कळत असती तर तुमचा पगार वेळेवर झाला असता." ते खूप हसले. एवढीच आमची मैत्री. दोघंही एकमेकांच्या कामातलं काही समजत नसू आणि दोघांनाही दुसऱ्याच्या कामात चूक चालत नसे.

सरांचा पगार असा नव्हताच. ते निवृत्त झाले होते, आणि संस्था दर वर्षी पत्र देऊन त्यांना वर्षभरासाठी मानधनावर ठेवत असे. गौरी दहावीत गेली त्या वर्षी सचिवांनी विषय काढला. दुसऱ्या एका शाळेत पोरं स्पीकरवर तयार ट्रॅक लावून गातात, स्पीकरचा खर्च एकदाच, शिक्षक लागत नाही. मुख्याध्यापिकांनी आणि मी विरोध केला. सचिव माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "ठीक आहे. यंदा बाहेरचा एक चांगला जाणकार परीक्षक बोलावू. त्यांनी गाणं चांगलं आहे म्हटलं, तर सरांना पुढचं पत्र. नाही तर ट्रॅक." यात मला गैर काही वाटलं नाही. मी रात्री जेवताना ते घरी सांगितलं. गौरीनं हातातली भाकरी खाली ठेवली. "म्हणजे आमच्यावर आहे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तुमच्यावरच आहे.

ती तेव्हा सीना हाऊसची गाण्याची प्रमुख होती.

दर दिवाळीत सर पेटी उघडत. ते तिचं अभ्यंगस्नान. वरची फळी काढायची, आतली धूळ कुंचल्यानं झाडायची, आणि जो सूर सरकला असेल तो बारीक कानशीनं घासून जागेवर आणायचा. हे काम त्यांनी कधी कुठल्या कारागिराला करू दिलं नाही. कान आपला, मग हात दुसऱ्याचा कशाला, हा त्यांचा प्रश्न.

त्या दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि सराव सुरू झाला. पुढचं गौरीनं मला खूप नंतर सांगितलं, तसं लिहितो.

पहिल्याच दिवशी पोरांना कळलं की पेटीचा ग खाली गेलाय. गंधार म्हणजे सा-रे-ग मधला ग, एवढं मला तिच्यामुळेच माहीत आहे. भीमा हाऊसचा प्रमुख उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातला, मामाकडे राहून शिकणारा मुलगा होता. आवाज असा की मैदानापलीकडून ऐकू यावा. त्यानं उभं राहून सांगितलं, "सर, पेटीचा ग उतारलाय वाटतं." सरांनी पट्टी दाबली, डोकं तिरपं करून ऐकलं आणि म्हणाले, "पेटी बरोबर आहे. तुझा चढतोय." मग त्यांनी नीराच्या मुलीला म्हणायला लावलं. तिचाही चढत होता. माणच्या मुलाचाही. गौरीचाही. सर हसले. म्हणाले, "फराळ जास्त झालाय सगळ्यांना. आवाज चढलेत. खाली घ्या."

चौघांनी त्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी बैठक घेतली. जी पोरं ढालीसाठी एकमेकांशी बोलत नसत, त्यांची. सरांना पुन्हा सांगावं, असं भीमाच्या मुलाचं म्हणणं होतं. नीराची मुलगी म्हणाली, सांगितलं तर सरांना कळेल की त्यांना ऐकू येत नाही. मग ते स्वतःच सोडून जातील. गौरी म्हणाली, आपण बरोबर गायलो आणि पेटी चुकीची वाजली, तर खटका सगळ्या हॉलला ऐकू येईल. माझ्या वडिलांनी सांगितलंय, यंदा पाहुणा परीक्षक आहे. शेवटी ठरलं ते असं. चारही हाऊसनी ग पेटीइतका खाली घ्यायचा. सगळं एकमेकांशी जुळलं, की चूक कुणाला दिसणार?

आणि ते दोन महिने चुकीचा सूर घोकत राहिले. शंभरएक पोरं. बरोबर गाणं अवघड असतं म्हणतात. ठरवून, सगळ्यांनी मिळून, तेवढंच आणि तिथंच चुकणं किती अवघड असेल, याचा मला आजही अंदाज नाही. माझी बायको थोडंफार भजनात बसणारी. तिनं एकदा गौरीला विचारलं, "तू हे असं का म्हणतेस गं? उतरतंय." गौरी म्हणाली, "असंच बसवलंय."

स्पर्धा दुपारी झाली. पाहुण्या परीक्षक बार्शीहून आल्या होत्या. वयस्क, कडक इस्त्रीची साडी, बोलणं मोजकं. त्यांच्याबरोबर शाळेचे दोन शिक्षक परीक्षक होते. तिघंही स्टेजकडे पाठ करून बसले. मी बाजूच्या टेबलावर कागद घेऊन. सरांनी गवसणी काढली, पेटीला नेहमीसारखा हात लावून नमस्कार केला आणि चौघींना एकामागून एक सा दिला.

मला तर चारही गाणी सुंदर वाटली. पोरांचे चेहरे मात्र गाणाऱ्यांचे नव्हते. परीक्षेत शेवटची पाच मिनिटं उरल्यावर पोरांचे असतात तसे होते. गुणांचे कागद आले. मी वरून खाली बेरीज केली, खालून वर केली. पाहुण्या बाईंनी चारही हाऊसना सारखे गुण दिले होते. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या माइकवर आल्या. म्हणाल्या, मुलं तयार आहेत, ताल पक्का आहे, शब्द स्वच्छ आहेत. समोर बसलेल्या सचिवांनी मान हलवली. मी गौरीकडे पाहिलं. ती डोळे मिटून उभी होती.

"पण एक गोष्ट सांगायलाच हवी," बाई म्हणाल्या. "चारही गटांचा गंधार उतरलेला आहे. ना शुद्ध, ना कोमल. आणि चौघांचाही अगदी एकाच जागी. एक मूल चुकतं, एखादा गटही चुकतो. चार गट एकसारखे चुकतात, तेव्हा ते चुकलेलं नसतं. शिकवलेलं असतं."

सर पेटीमागं बसून हसत होते. बाईंचं बोलणं गोड आवाजातलं होतं, आणि त्यांच्यापर्यंत आवाजाचा गोडपणाच पोचला होता, शब्द नाहीत. त्यांनी जवळ उभ्या असलेल्या गौरीला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"चांगलं म्हणाल्या सर," गौरी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग भीमाच्या मुलाकडे. तो रडत होता. मग त्यांनी मला बोटानं बोलावलं. मी टेबल सोडून त्यांच्यापाशी गेलो. ते म्हणाले, "तुम्ही आकड्यांचा माणूस. तुम्ही सांगा."

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकलो आणि बाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मला दुसरं काही येत नाही.

सरांनी एका हातानं भाता हलवत ती मधली पट्टी दाबली. कान पेटीच्या लाकडाला टेकवला. पोरांना म्हणाले, "तुमचा लावा. माझा नको, तुमचा."

कुणी लावेना. मग भीमाच्या मुलानं लावला, आणि मागोमाग सगळ्यांनी. दोन महिने दाबून ठेवलेला खरा ग एकदम त्या हॉलभर झाला. पेटीचा सूर त्याला नुसता घासत होता. हे मलासुद्धा कळलं. सर कान लाकडाला लावून तसेच बसून राहिले. कानाला नाही तरी लाकडातून त्यांना ते घासणं लागत असावं. मग त्यांनी पट्टीवरचं बोट काढलं.

"बेसूर असेल त्याला मध्ये घ्या, हे मी शिकवलं," ते म्हणाले. "त्याच्यासाठी बेसूर व्हा, हे कधी शिकवलं?"

गौरी म्हणाली, "सर, पण तुम्ही मध्ये नव्हता. पुढं होता."

सरांनी भात्याची कडी लावली, गवसणी घातली, नाडी बांधली. पाहुण्या बाई खाली उतरून त्यांच्यापाशी आल्या. त्यांना आता सगळं कळलं होतं आणि त्यांचाही चेहरा उतरला होता. सरांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाले, "कान चांगला आहे तुमचा." मग बाहेर पडले. पेटी तिथंच राहिली. रिक्षात बसताना त्यांनी एका सीटचे पैसे दिले, असं शिपायानं सांगितलं.

त्या वर्षी ढाल कुणालाच दिली नाही.

खरं सांगायचं तर पत्र निघालं होतं. सचिवांनी स्वतःच विषय मांडला. म्हणाले, ज्यांच्यासाठी शंभर पोरं चुकतात असा शिक्षक मला दुसरीकडून मिळणार नाही. ते पत्र घेऊन मीच पूर्व भागात गेलो. सरांनी वाचलं, घडी घालून परत दिलं. "पत्राची मुदत वाढवून काय करता? कानाची संपली." पेटी घेऊन येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

आता स्पीकर आहे. पोरं ट्रॅकवर गातात. चारही हाऊसचा गंधार बरोबर असतो. स्पर्धा लवकर संपते.

मी या प्रकरणाचा पुष्कळदा विचार करतो, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे हिशेबानंच करतो. कारागिराचं काम एका दुपारचं होतं. कानाचं यंत्र महाग असतं, पण शंभर पालकांत वाटलं असतं तर फार नव्हतं. सरांना दोनदा हाक मारावी लागते, हे मुख्याध्यापिकांना माहीत होतं. रिक्षावाल्यालाही माहीत होतं. माझ्या बायकोच्या कानाला मुलीचं उतरणं कळलं होतं. प्रत्येकाकडे थोडं थोडं होतं, आणि प्रत्येकानं ते मान राखायचा म्हणून आपल्यापाशीच ठेवलं. कुणी वाईट वागलं नाही. तरी बेरीज ही अशी झाली.

तर जूनच्या त्या शनिवारी मी कारागिराला म्हणालो, पेटी विकायची नाही, पण तो गंधार जागेवर आणून दे. त्यानं बुधवारी आणून दिली. आता बारावीत गेलेली गौरी माझ्याबरोबर आली होती. तिनं पट्टी दाबून, स्वतः म्हणून, पुन्हा दाबून पाहिलं. लागला होता.

आम्ही सीटच्या रिक्षानं निघालो. पेटी मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. उतरल्यावर मी तीन सीटचे साठ रुपये दिले. रिक्षावाला म्हणाला, "पेटीचे कशाला साहेब?" मी म्हणालो, हिची पद्धत आहे.

खाली माग चालू होते. जिन्यात आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वहिनींनी, म्हणजे सरांच्या भावाच्या बायकोनं, खुणेनंच वर जायला सांगितलं. सर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते. त्यांना उठवावं की नाही, हे आम्हाला ठरवता येईना. पेटी खाली ठेवून आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळानं लाइट गेली. माग थांबले. आणि सरांनी डोळे उघडले.

त्यांनी आधी पेटी पाहिली, मग आम्हाला. उठून बसले. गवसणी काढली. मी वाकून मोठ्यानं सांगितलं की गंधार लावून आणलाय. त्यांनी भाता हलवला आणि पट्टी दाबली. खोलीत त्या सुराशिवाय दुसरा आवाज नव्हता. डोकं एका बाजूला करून ऐकलं, मग दुसऱ्या बाजूला.

"लागला?" त्यांनी गौरीला विचारलं.

"लागला सर."

"खरं सांग."

"खरं सांगते सर. लागलाय."

ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मला विचारण्यात अर्थ नव्हता. मी बेरीज सांगू शकत होतो, सूर नाही. त्यांनी पट्टी आणखी एकदा दाबली.

"असेल," ते म्हणाले.

गौरी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

सरांनी मला विचारलं, दुरुस्तीचे किती झाले. मी चारशे सांगितले. ते म्हणाले, "ते मी देत नाही. ज्यांना ऐकू येतं त्यांनी द्यावेत." मग उशाखालचं पाकीट काढलं. "हिला कशी आणली?"

"सीटवर," मी म्हणालो.

त्यांनी वीसची नोट काढून पुढं केली. तिची सीट आजवर त्यांनीच भरलेली आहे, असं ते म्हणाले.

कारागिराला चारशे मी दिले. रिक्षावाल्याला साठ मी दिले. त्यांतले वीस सरांनी मला परत केले. ते मी घेतले.